मृत्युपत्रातील ‘मुले’

‘सेलू येथील माझी शेतजमीन माझ्या पश्चात माझ्या मुलांनी समान वाटून घ्यावी.’ मृत्युपत्रातील असे वाक्य वरकरणी सुबोध वाटते; परंतु ते द्व्यर्थी आहे. ‘मुलांनी’ हे रूप नपुंसकलिंगी ‘मूल’ या शब्दाचे मानल्यास त्यात कन्यांचा समावेश होतो. पुत्रवाचक काटेकोर रूप ‘मुलग्यांनी’ असले, तरी रूढ व्यवहारात त्या अर्थीही ‘मुलांनी’ असेच म्हणतात. वादाचा उगम नेमका येथे होतो.

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचे कलम ७४ पारिभाषिक शब्दांचा आग्रह धरीत नाही. कर्त्याचा हेतू शब्दांवरून कळला म्हणजे पुरे. कलम ८२ प्रमाणे प्रत्येक वाक्याचा अर्थ समग्र लेखाच्या आधारे लावावयाचा असतो. एवढे करूनही निश्चित हेतू व्यक्त होत नसेल, तर कलम ८९ अन्वये ते दान शून्य ठरते.

म्हणून समूहवाचक शब्दावर न विसंबता प्रत्येकाचे नाव, नाते, जमिनीचा गट क्रमांक व हिस्सा स्वतंत्रपणे लिहावा. कलम ६३ नुसार कर्त्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या, कर्त्यासमक्ष केलेल्या, सह्या आवश्यक होत. नोंदणी ऐच्छिक आहे. तथापि ती करणे हितावह.

एरवी संदिग्धता हा आपल्या अभ्यासाचा विषय. येथे मात्र तिचे मोल भावंडांना मोजावे लागते. आणि खुलासा करावयास वाक्याचा कर्ता हयात नसतो.