भजनाचा इको नेमका कुठून घ्यायचा?

अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव हे गाडगेबाबांचं जन्मगाव. तुकडोजी महाराजांचं यावली आणि गुरुकुंज मोझरी याच अमरावती जिल्ह्यात. सप्ताह असो, भागवत असो की खंजिरी भजन, इकडे लोक मंडपात येतात ते शब्द ऐकायला. गाडगेबाबांचं कीर्तन तर सवाल-जवाबाचं होतं. बाबा विचारायचे आणि समोरचा माणूस उत्तर द्यायचा. शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचला नसता, तर ते कीर्तन उभंच राहिलं नसतं. म्हणून आज मंडपात बुवांच्या तोंडचा अभंग नुसता घुमत राहतो आणि शब्द एकही हाती लागत नाही, तेव्हा वाईट वाटतं. दोष बहुतेक वेळा बुवांचा नसतो आणि यंत्राचाही नसतो. जोडणी चुकलेली असते.

गावातल्या साउंडवाल्याकडे सहसा मिक्सर आणि पॉवर अॅम्प्लिफायर एकाच पेटीत असतात. सगळे तिला ‘मशीन’ म्हणतात. तिच्यातला इको बऱ्याचदा साधा असतो, म्हणजे डिले आणि रिपीट अशी दोन बटणं. त्याने समाधान होत नाही, म्हणून कुणी वेगळा इफेक्ट प्रोसेसर आणतो. खरा गोंधळ तिथून पुढे सुरू होतो.

“जिथून आवाज बाहेर पडते, तिथूनच इकोले द्याचा.”

हा सगळ्यात महागात पडणारा समज. काही मशीनवर स्पीकरचं आउटपुट आणि लाइनचं आउटपुट दोन्ही पाव इंची जॅकचीच असतात. पिन बसते, म्हणून वायर लावली जाते. पण २५० वॅटचं मशीन ४ ओहमच्या स्पीकरला पूर्ण ताकदीने ३१ व्होल्टच्या वर देतं आणि भोंग्यांच्या लाइनवर तर १०० व्होल्टपर्यंत जातं. प्रोसेसरच्या इनपुटला हवा असतो साधारण पाव ते सव्वा व्होल्टचा सिग्नल. स्पीकरची वायर त्यात घातली, तर प्रोसेसर जळू शकतो आणि मशीनच्या आउटपुटलाही धोका असतो. ‘स्पीकर’ किंवा ओहमचा आकडा लिहिलेल्या जॅकमधून प्रोसेसरला काहीही द्यायचं नाही.

“माइक आधी पेटीत, मग पेटी मशीनमध्ये.”

माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो. पेटीच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, लाइन इनपुटला तो अपुरा पडतो. मग सगळी बटणं वर चढवली जातात आणि आवाजासोबत खरखरही वाढते. शिवाय माइकचा सगळा आवाज आता प्रोसेसरमधूनच जाणार, म्हणजे प्रोसेसर अडकला की बुवांचा माइकही गेला.

काही जण मशीनमागचे ‘प्री आउट’ आणि ‘अॅम्प इन’ हे जॅक पाहतात आणि प्रोसेसर त्यांच्यामध्ये बसवतात. विजेच्या हिशेबाने यात काही चुकत नाही, पण मग इको सगळ्यालाच लागतो. ढोलकी, हार्मोनियम, टाळ आणि ‘पांढऱ्या गाडीच्या मालकाने गाडी बाजूला घ्यावी’ ही सूचनासुद्धा घुमते. ती जागा इक्वलायझरची किंवा शिट्टी रोखणाऱ्या यंत्राची आहे, कारण त्यांना संपूर्ण आवाजावरच काम करायचं असतं. एकेका चॅनलवरच्या ‘इन्सर्ट’ जॅकचंही तसंच. कॉम्प्रेसर तिथे शोभतो. इको नाही.

इकोसाठी मशीनवर वेगळी सोय असते. ‘इफेक्ट सेंड’ किंवा ‘ऑक्स सेंड’ असं तिथे लिहिलेलं असतं. मुख्य पाटाला हात न लावता बाजूने चारी काढावी, तसा प्रत्येक चॅनलमधून थोडा आवाज या वाटेने प्रोसेसरकडे जातो. गायकाच्या चॅनलचं सेंड उघडायचं, ढोलकीचं जवळजवळ बंद ठेवायचं आणि सूत्रसंचालकाचं पूर्ण बंद. इफेक्टचं सेंड बहुधा फेडरच्या नंतर निघतं, त्यामुळे गायकाचा फेडर खाली आणला की त्याचा इकोही खाली येतो. प्रोसेसरचं आउटपुट ‘रिटर्न’ जॅकमध्ये घालायचं. रिटर्न नसेल, तर रिकाम्या चॅनलच्या लाइन इनपुटमध्ये घातलं तरी चालतं. फक्त त्या चॅनलचं स्वतःचं सेंड शून्यावर हवं. नाहीतर इको पुन्हा प्रोसेसरकडे जातो, पुन्हा परततो आणि काही क्षणांत मंडप किंचाळतो. मशीनच्या आतला इकोही बंद करा, दोन इको एकमेकांवर चढवू नका.

आता एक बारीक गोष्ट, जी बहुतेकांकडून सुटते. या जोडणीत प्रोसेसरचं ‘मिक्स’ पूर्ण ओलं, म्हणजे १०० टक्के इफेक्टवर ठेवायचं असतं. मूळ आवाज मशीनमध्ये आधीच आहे. तोच आवाज डिजिटल प्रोसेसरमधून एक मिलिसेकंद उशिरा परत आला, तर ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी दोन आवाज एकमेकांना कापतात. शब्दांची धार ज्या पट्ट्यात असते, तिथेच खड्डे पडतात आणि गळा डब्यातून बोलल्यासारखा होतो. इको थांबवायलाही प्रोसेसरचं ‘बायपास’ दाबू नका. अनेक प्रोसेसरवर त्याने कोरा आवाजच परत येतो. रिटर्न खाली करा.

“इको वाढवला की आवाज दूर जाते.”

मंडपातून फर्माईश येते, “आवाज नाही येऊन रायला, इको वाढव ना भाऊ!” आणि ऑपरेटर वाढवतो. इकोने आवाज भरीव वाटतो, दूर मात्र जात नाही. उलट माइककडे परतणारा आवाज वाढतो आणि शिट्टी लवकर सुरू होते. पटांगणात भिंती नसतात, त्यामुळे तिथे थोडा रिव्हर्ब सुखावतो. पक्क्या सभागृहात भिंती आणि छत ते काम आधीच करत असतात, तिथे प्रोसेसर जवळजवळ बंदच बरा. आणखी एक हिशेब आहे. आवाजाला ३४ मीटर जायला साधारण १०० मिलिसेकंद लागतात. मंडपाच्या दोन टोकांना कॉलम लावले, तर मागच्या माणसाला जवळच्या कॉलमचा शब्द आधी आणि लांबच्याचा नंतर ऐकू येतो. हा इको फुकट मिळालेला असतो. त्यावर आणखी इको चढवला की शब्द संपलाच.

डिलेची वेळ लयीवरून काढावी. ६०,००० ला मिनिटातल्या मात्रांनी भागायचं. मिनिटाला ९० मात्रा असतील, तर एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची. तेवढा किंवा त्याच्या निम्मा डिले तालात बसतो. चढत्या लयीच्या खंजिरीवर रिपीट एकदाच ठेवा. रिव्हर्ब सव्वा ते दीड सेकंदांचा पुरतो, आणि परतणाऱ्या आवाजातला २०० हर्ट्झखालचा खर्ज कापला की निम्मी गढूळता तिथेच जाते. प्रवचनाला आणि कीर्तनातल्या निरूपणाला इको अजिबात नको. या बाबतीत मी कुणाचीही फर्माईश ऐकणार नाही.

प्रोसेसर स्टिरिओ असला, तरी दोन वायरी लागतातच असं नाही. मशीन मोनो असेल, तर प्रोसेसरच्या ‘लेफ्ट/मोनो’ लिहिलेल्या जॅकचा वापर पुरेसा.

“घूं आवाज येते, अर्थिंगची पिन काढून टाक.”

हे कधीही करू नका. मशीनची बॉडी आणि माइकची जाळी एकाच अर्थला जोडलेली असते. पिन काढल्यावर आत कुठे फॉल्ट झाला, तर करंट माइक धरणाऱ्याच्या हातात येतो, आणि पावसाळ्यातल्या सप्ताहात तो माणूस ओल्या जमिनीवर उभा असतो. घूं येत असेल, तर मशीन आणि प्रोसेसर एकाच बोर्डवर लावा. प्रोसेसर मशीनच्या ट्रान्सफॉर्मरपासून दूर ठेवा, सिग्नलच्या वायरी विजेच्या वायरींना चिकटू देऊ नका, दोन्हीकडे सोय असेल तर बॅलन्स्ड वायर वापरा. तरीही घूं राहिली, तर मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकता येतो. चालू करताना आधी प्रोसेसर आणि मग मशीन. बंद करताना आधी मशीन, म्हणजे प्रोसेसरचा ठोका स्पीकरला बसत नाही.