स्वतः काढलेला पहिला अल्बम: समज आणि वस्तुस्थिती

एखाद्या रॉक बँडनं पहिला अल्बम स्वतःच काढला असं कळलं, की बहुतेकांचा ग्रह ठरलेला असतो: कोणत्याही कंपनीनं घेतलं नसणार, हातात पैसे नसणार, म्हणून पोरांनी घरातल्या घरात रेकॉर्डिंग उरकलं. या समजात तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पैसा कोणाचा, संगीताचे निर्णय कोणाचे आणि तयार झालेल्या मूळ ध्वनिमुद्रणाची, म्हणजे मास्टरची, मालकी कोणाची? तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच असेल असं नाही. निर्व्हानाचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ (१९८९) सब पॉप या सिअ‍ॅटलमधल्या छोट्या स्वतंत्र कंपनीनं काढला, पण मुद्रण जॅक एन्डिनो या अनुभवी ध्वनिमुद्रकानं केलं. स्टुडिओचं बिल ६०६.१७ डॉलर झालं आणि ते भरलं जेसन एव्हरमन यांनी. त्यांनी अल्बममध्ये काहीही वाजवलेलं नाही, तरी कव्हरवर गिटारवादक म्हणून त्यांचं नाव आहे. म्हणजे अल्बम ‘स्वतंत्र’ खरा, पण ‘स्वनिर्मित’ नव्हे.

याच्या अगदी उलट उदाहरण ‘बॉस्टन’ या बँडच्या त्याच नावाच्या पहिल्या अल्बमचं (१९७६). तो एपिक या बड्या कंपनीचा. पण त्यातलं बहुतेक संगीत बँडमधल्याच टॉम शोल्झ यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनच्या आपल्या घराच्या तळघरात मुद्रित केलं. शोल्झ तेव्हा पोलरॉइड कंपनीत अभियंता होते आणि पगारातले पैसे तळघरातल्या यंत्रसामग्रीत घालत होते. कंपनीला सगळं पुन्हा व्यावसायिक स्टुडिओत मुद्रित करून हवं होतं. सहनिर्माते जॉन बॉयलन बाकीच्या बँडला घेऊन लॉस एंजेलिसला गेले, शोल्झ मात्र तळघरातच काम करत राहिले. अमेरिकेत या अल्बमच्या १ कोटी ७० लाख प्रती खपल्याची अधिकृत नोंद आहे, आणि रेकॉर्ड लावल्यावर त्यात तळघर कुठेही ऐकू येत नाही. ‘घरी केलं म्हणजे कच्चं’ हा समज इथेच निकालात निघतो. मात्र ‘घरी केलं म्हणजे एकट्यानं केलं’ हाही समजच आहे. शेवटचं मिक्सिंग बॉयलन यांच्या सोबतीनं लॉस एंजेलिसमध्ये झालं.

मग स्वनिर्मिती म्हणजे नेमकं काय? शेवटचा शब्द आपल्याकडे ठेवणं आणि त्याची जबाबदारी घेणं. ही जबाबदारी किती बारीक असते ते ड्रम्सच्या मुद्रणात दिसतं. ड्रमवर दोन ओव्हरहेड माइक लावले आणि संचातल्या स्नेअर या ड्रमपासून एक दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटिमीटर लांब राहिला, तर आवाज त्याच्यापर्यंत सुमारे एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. हे दोन मुद्रित आवाज एकत्र केले की ५०० हर्ट्झच्या आसपासचे स्वर एकमेकांना मारतात आणि स्नेअर पोकळ वाजते. महागडा माइक असला तरी हे टळत नाही. एक साधी केबल स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही माइकपर्यंत ताणून अंतर सारखं केलं की टळतं. द ब्लॅक कीज या दोघांच्या बँडनं ‘द बिग कम अप’ (२००२) हा पहिला अल्बम ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये ड्रमवादकाच्या तळघरात टॅस्कॅम ३८८ या आठ ट्रॅकच्या टेप यंत्रावर केला. आठच ट्रॅक असले की ड्रम्सना त्यातले किती द्यायचे हे वाजवण्याआधीच ठरवावं लागतं. त्या अल्बमचा खरखरीत, अंगावर येणारा आवाज अशाच निर्णयांतून आलेला आहे, आणि मला तो त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. आपलंच गाणं शंभर वेळा ऐकलेल्या माणसाला त्यातलं वैगुण्य दिसत नाही, बाहेरचा कान हवाच. हवाच, यात शंका नाही. पण तो ठरलेल्या मोबदल्यावर बोलावता येतो, त्यासाठी अल्बमची मालकी द्यावी लागत नाही. ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांनी निर्व्हानाच्याच ‘इन युटेरो’साठी एकरकमी मानधन घेतलं आणि विक्रीतला हिस्सा तत्त्व म्हणून नाकारला. तो बँडचा पहिला अल्बम नव्हे, पण बाहेरचा कान आणि बँडची सत्ता एकत्र नांदू शकतात, याचा तो पुरावा आहे.

दुसरा समज असा, की कंपनी मिळाली म्हणजे खर्चाचा प्रश्न मिटला. कंपनी देते ती उचल, आणि ती बँडच्या वाट्यातून वळती होते. अल्बिनी यांनीच १९९३ मध्ये ‘द बॅफलर’ या नियतकालिकात एका काल्पनिक बँडचा हिशेब मांडला होता. त्यात अडीच लाख प्रती खपूनही प्रत्येक वादकाच्या हाती ४,०३१.२५ डॉलर येतात. अर्थात कंपनी प्रसिद्धी करते आणि ते काम स्वतः करणं फार कठीण असतं. आज अल्बम स्ट्रीमिंगवर चढवणं सोपं आहे, तो लोकांनी ऐकावा अशी वेळ आणणं सोपं नाही. स्वनिर्मितीची खरी किंमत इथे मोजावी लागते, आवाजाच्या दर्जात नव्हे.

मालकीबाबत मात्र आपल्याकडच्या बँडनी सावध राहायला हवं. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) ध्वनिमुद्रणाचा कर्ता निर्माता असतो, आणि निर्माता म्हणजे त्या कामासाठी पुढाकार व जबाबदारी घेणारी व्यक्ती. चौघांनी वर्गणी काढून अल्बम केला आणि कागदावर काहीच नसेल, तर ही व्यक्ती कोण यावर उद्या भांडण होऊ शकतं. गाण्याची चाल आणि शब्द यांचा हक्क आणखी वेगळा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर करार लेखी आणि सहीचा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणून पहिला माइक लावण्याआधी मास्टर कोणाचं, चाल कोणाची, शब्द कोणाचे आणि कोणाचा किती हिस्सा, हे एका कागदावर लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.