आदिमानवाचं ताट आणि आपलं स्वयंपाकघर

“आजपासून पोळी, भात, वरण बंद. आदिमानव खात होता तेच खायचं!” असं फर्मान तुमच्या घरात अजून निघालं नसेल, तर लवकरच निघेल. मुलगा व्यायामशाळेतून ऐकून येतो, नाहीतर मधुमेह झालेले मिस्टर मित्राकडून. ताटात वाढायचं काय, हा प्रश्न मात्र आपल्या पदरी! तेव्हा मैत्रिणींनो, हे ‘पॅलिओ’ प्रकरण आहे तरी काय, ते आपणच समजून घेतलेलं बरं.

म्हणणं असं, की माणूस लाखो वर्षं शिकार करून, कंदमुळं नि फळं गोळा करून जगला. शेती आली ती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांपूर्वी. म्हणून धान्य, कडधान्यं, दूध, साखर आपल्या शरीराला मानवत नाही. १९८५ साली ईटन आणि कॉनर या अमेरिकन संशोधकांनी आदिमानवाच्या आहारावर लेख लिहिला, तेव्हापासून या विचाराला जोर आला.

यात तथ्य नाहीच, असं मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात केरिन ओडी या संशोधक बाईंनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मधुमेह असलेले दहा मूळ रहिवासी वस्ती सोडून सात आठवडे रानात आपल्या पूर्वजांसारखे राहिले. कांगारू, मासे, कंद, रानातली अंजिरं, मध असं खाणं. वजन सरासरी आठ किलोंनी उतरलं आणि उपाशीपोटीची साखर सरासरी २०० च्या वर होती, ती १२० च्या आसपास आली!

पण हे श्रेय मांसाला देऊन मोकळं होऊ नका हं. वस्तीत असताना या मंडळींचं खाणं म्हणजे मैदा, साखर, पांढरा तांदूळ, बाटलीतली गोड पेयं, दारू आणि चरबीचं मांस. ते सगळं सुटलं. रानात पोटात जेमतेम १२०० कॅलरी जात होत्या, आणि त्याही पायपीट करून मिळवायच्या!

शिवाय आदिमानव धान्य खातच नव्हता, हेही खरं नाही. इस्राएलमध्ये गॅलिली सरोवराच्या काठी सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी जव दळल्याच्या खुणा दगडावर सापडल्या आहेत. म्हणजे दळणाचं काम तेव्हाही चुकलं नव्हतंच!

मग आपण काय करावं? भाकरी हद्दपार करण्याआधी बिस्किटं, फरसाण, मैद्याचे पदार्थ आणि बाटल्या हद्दपार करा. भाताची मूद लहान, भाजीची वाटी मोठी. शाकाहारी घरात डाळ-उसळ मुळीच काढू नका. आपली बरीच प्रथिनं तिथूनही येतात. पावसाळ्यात ठाणे, रायगडकडच्या बाजारात कातकरी, ठाकर बाया टाकळा, कुरडू, भारंगी, शेवळं घेऊन बसतात. आपल्या मातीतलं गोळा केलेलं अन्न ते हेच. भाजी कशी करायची, तेही त्यांनाच विचारा. शेवळं काकडं घालून करतात, नाहीतर घसा खाजतो. अनोळखी पाला मात्र स्वतः खुडून आणू नका.

आणि एक महत्त्वाचं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना पोळी-भात एकदम बंद केला, तर साखर धोक्याइतकी खाली येऊ शकते. हात थरथरणं, दरदरून घाम, चक्कर ही तिची लक्षणं. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा, मगच ताट बदला. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर भरमसाट अंडी-मांस नकोच.

शेवटी, पथ्य एकाचं आणि स्वयंपाक दोन, असं होऊ देऊ नका. वर सांगितलेला बदल सगळ्या घराला चालेल, तुम्हालासुद्धा. फर्मान काढणाऱ्यालाच भाजी निवडायला बसवा. कांगारूमागे धावायला नको. मंडईपर्यंत चालत जाऊन पिशवी आणली, तरी पुष्कळ झालं!