मजकूर पोहोचावा तो जसाच्या तसा

लेखकाच्या संगणकावर सुबक दिसणारे पान दुसऱ्याच्या संगणकावर उघडताच इंग्रजी अक्षरांचे कडबोळे होते, हा अनुभव मराठीतून लेख पाठविणाऱ्यांना नवा नाही. जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेले असत. कृतिदेवमध्ये टंकलेला 'भारत' हा शब्द फाइलमध्ये एच, के, के, जे, आर असाच साठविला जातो. वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला की हीच अक्षरे उघडी पडतात. पेजमेकरमध्ये मांडलेले पान तर ती प्रणाली नसल्यास बहुधा उघडतच नाही.

यावर पीडीएफ हा सोपा उपाय आहे. अडोबी कंपनीने १९९३ साली आणलेली ही पद्धत २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. तीत मजकुराबरोबर अक्षरांचे आकारही बांधून देता येतात; त्यामुळे साध्या मोबाईलवरही पान जसेच्या तसे दिसते. निमंत्रणपत्रिका वा अर्ज पाठविण्यास एवढे पुरे.

स्मरणिकेचे मात्र एवढ्याने भागत नाही, असे आमचे मत आहे. कृतिदेवमधील लेखाची पीडीएफ डोळ्यांना निर्दोष दिसते. पण तीत आपल्या गावाचे नाव शोधू जावे तर सापडत नाही, आणि अंध वाचकासाठी मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली निरर्थक उच्चार करते. ज्या आईवडिलांनी मोलमजुरी करून मुलांना येथे शिकावयास धाडले, त्यांची नावे बहुधा अशा लेखांतच काय ती उरतात. पन्नास वर्षांनी नातवंडांना ती शोधता यावीत, यासाठी मजकूर युनिकोडमध्ये असणे अगत्याचे आहे. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे. फॉन्ट बदलला तरी अक्षर बदलत नाही. मोबाईलवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडच. जुने लेख रूपांतर करून त्यात आणता येतात, परंतु जोडाक्षरे व रफार नजरेखालून घालावेत. वामनदादा कर्डकांच्या आडनावातील रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेला कोणाला रुचेल?

तेव्हा पुढील अंकासाठी युनिकोड मजकूर आणि त्याची पीडीएफ, अशा दोन्ही फाइली पाठवाव्यात. पहिलीवरून आम्ही जुळणी करू, दुसरीवरून आपल्याला अभिप्रेत असलेली मांडणी ताडून पाहू. ज्यांच्याकडे संगणक नाही, त्यांनी कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहून धाडावे. टंकलेखन आम्ही करू.