स्कॅन फक्त पत्ता शोधतो

दोन वर्षांत आईला तीनदा मुतखडा झाला. “पाणीच पीत नाहीस तू,” असं म्हणत आम्ही तिलाच रागवायचो. शेवटी रक्तात कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन, दोन्ही वाढलेले निघाले.

थायरॉइडच्या मागे बहुधा चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्यातली एखादी वाढली की हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरतं. पण वाढलेली कोणती? गळ्याच्या सोनोग्राफीत काहीच दिसलं नाही, तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. डॉक्टर म्हणाले, “आजार रक्तानं सांगितलाय. स्कॅन फक्त पत्ता शोधतो.”

मग सेस्टामिबी स्कॅन झाला. शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देऊन थोड्या वेळानं एक आणि सुमारे दोन तासांनी दुसरं चित्र घेतात. थायरॉइडमधून औषध ओसरतं, वाढलेल्या ग्रंथीत बहुधा रेंगाळतं. आईच्या दुसऱ्या चित्रात डावीकडे खाली एकच ठिपका उरला होता. तिथेच छोटा छेद देऊन ती ग्रंथी काढली. ठिपका दिसला नसता तर फोर-डी सीटी हा पुढचा मार्ग होता.

तुमच्या घरी कुणाला वारंवार मुतखडा होतो का? रागावण्याआधी रक्तातल्या कॅल्शियमबद्दल डॉक्टरांना विचारा.