पारीचें मर्म

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल प्रांत आहे. तेथील कथलाच्या खाणींतील मजूर शिदोरीस करंजीच्या घाटाची 'पेस्टी' नेत. मांस, बटाटा, कांदा व सलगमासारखा एक कंद यांचें सारण तींत कच्चेंच भरून ती भट्टींत भाजतात. १८२५ च्या सुमारास यांतील कांहीं मजूर मेक्सिकोंतील रेआल देल मोंते येथें चांदीच्या खाणींवर गेले. तेथें सारणांत मिरची शिरली, पुढें अननसाचें गोड सारणही आलें. टिकली ती पारी.

तेव्हां घरीं करतांना लक्ष पारीकडे असावें. मैद्याच्या निम्म्या वजनाचें गार लोणी बोटांच्या टोंकांनीं रवाळ होईपर्यंत मैद्यांत चोळावें, थंड पाण्यानें घट्ट भिजवावें व गोळा अर्धा तास शीतकपाटांत ठेवावा. लोण्याचे कण अखंड राहिले, तरच भट्टींत त्यांतील पाण्याची वाफ होऊन पदर सुटतात. आपल्याकडील उकाड्यांत लोणी हातांतच वितळतें आणि पारी कडक होते. म्हणून हें काम पहाटे, हलक्या हातानें करावें. करंजीस साटा लावणाऱ्या गृहिणीस पदरांची ही पारख आहेच. मग सारण मटाराचें असो वा सफरचंदाचें, चिंता नको.