चार फळ्यांचा चढाव

मोटारगाडीच्या पोटाखाली शिरून तिचे जुने तेल घरच्या घरी काढू इच्छिणाऱ्या मनुष्याला तेलाची आणि पान्यांची तजवीज करण्यापूर्वी उंचीची तजवीज करावी लागते. आणि गाडी जितकी बुटकी, तितकी ही तजवीज अवघड, कारण जिच्याखाली जेमतेम हात जातो तिच्याखाली मनुष्य जाणार कसा? बाजारात धातूचे आणि प्लॅस्टिकचे तयार चढाव मिळतात, परंतु त्यांचा उतार बहुधा सोळा-सतरा अंशांचा असतो. उंच जीपगाडीला तो पुरेसा सौम्य वाटत असला, तरी बुटक्या गाडीचे नाक त्यावर आधी आपटते आणि चाक मागाहून पोहोचते.

माझी गाडी 1998 साली भारतात दाखल झालेल्या होंडा सिटीच्या पहिल्या पिढीतली. तिच्या पुढच्या बंपरची खालची कड मी मोजली, ती जमिनीपासून साडेसहा इंच भरली; आणि चाक जमिनीला टेकते त्या बिंदूपासून ही कड तीस इंच पुढे आलेली. या दोन मापांवरून निघणारा कोन बारा अंशांचा. म्हणजे त्याहून तीव्र चढाव तिच्यापुढे ठेवणे व्यर्थ, आणि चढाव सौम्य करावा तर तो लांबवावा लागणार. इतका लांब आणि ठेंगणा चढाव मला विकत मिळाला नाही, म्हणून तो स्वतः लाकडात बांधण्याचे मी मनावर घेतले.

लाकडी चढावाची जी रीत मला सर्वांत प्रामाणिक वाटते, ती अखंड फळ्यांच्या थरांची. दीड इंच जाडीची एक लांब फळी तळाशी, तिच्यावर दहा इंचांनी आखूड दुसरी, तिच्यावर तितकीच आखूड तिसरी, मग चौथी; मागच्या कडा एका रेषेत, पुढे तीन रुंद पायऱ्या आणि शेवटी सपाट माथा. चव्वेचाळीस, चौतीस, चोवीस आणि चौदा इंच, अशी ही लांबी. उंची सहा इंच. दहा इंचांस दीड इंच, म्हणजे सरासरी चढ साडेआठ अंश. दोन्ही चढाव मिळून वीस फूट फळी पुरते. दहा इंचांची पायरी का, याला गणित आहे. साडेअकरा इंच त्रिज्येचे चाक दीड इंच उंचीच्या पायरीपुढे आले, की त्याचा मध्यबिंदू पायरीपासून साडेपाच-पावणेसहा इंच दूर असतानाच ते तिच्या कडेला टेकते. म्हणून पायरी सहा इंचांहून आखूड केली, तर चाकाला कोणत्याही पायरीवर पूर्ण विसावा मिळत नाही, ते सदैव दोन कडांच्या मध्ये अधांतरी राहते. दहा इंचांची केली, तर प्रत्येक थरावर चाक क्षणभर स्वस्थ बसते, आणि चालकाला पुढील थराचा विचार करण्यास अवसर मिळतो. सलग गुळगुळीत उतारावर हा अवसर नसतो. पायऱ्यांचा चढाव मला त्याहून श्रेष्ठ वाटतो तो याच कारणाने.

लाकडासाठी मी प्रथम पुण्याच्या भवानी पेठेतील वखारींत चौकशी केली. साल उपलब्ध होते, परदेशी पाइन स्वस्त होते. पण अखेर मनात भरले ते पाडलेल्या एका वाड्याच्या तक्तपोशीचे जुने सागवान. कित्येक दशके छपराखाली राहून त्यातला ओलावा पुरता निघून गेलेला, त्यामुळे ते आता वाकण्या-फाटण्याची भीती फार थोडी. आणि सागवानात स्वभावतःच असलेल्या तेलामुळे वाळवीलाही त्याची गोडी कमी. खिळे मात्र शोधून शोधून उपटावे लागतात, कारण आत राहिलेला एक गंजका खिळा रंध्याच्या पात्याची धार क्षणात घालवतो.

मदतीला बोलावलेल्या सुतार मिस्त्रींनी फळ्या पाहिल्या, गुण्या लावून कड तपासली आणि विचारले, “साहेब, ह्याच्यावर गाडी चढणार, का गाडीखाली माणूस जाणार?” माणूस जाणार, असे सांगताच त्यांनी गाठ असलेल्या दोन फळ्या बाजूला काढल्या. त्यांच्या एका प्रश्नात या कामाचा सारा मुद्दा आला होता.

पुष्कळांना शंका येते ती लाकडाच्या ताकदीची, आणि ती शंका अस्थानी आहे. गाडीचे वजन हजार किलोच्या थोडे वर, त्यातले निम्म्याहून अधिक पुढच्या चाकांवर. एका चाकाच्या वाट्याला सव्वातीनशे किलो धरले तरी हा भार टायरमधील हवा उचलते, आणि टायर खालच्या पृष्ठावर जो दाब देतो तो स्थूलमानाने त्या हवेच्या दाबाइतकाच, म्हणजे चौरस इंचास तीस पौंडांच्या आसपास. सागवान आडव्या धाग्यांवरदेखील याच्या अनेक पट दाब सहज सोसते. शिवाय फळ्या एकमेकींवर आणि शेवटची जमिनीवर पूर्ण टेकलेली असल्यामुळे वाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मधे पोकळी ठेवून पेटीसारखे बांधलेले चढाव मी म्हणूनच त्याज्य मानतो, कारण तेथे सारा भार खिळ्यांच्या आणि सांध्यांच्या जिवावर येतो. विटा आणि सिमेंटचे ठोकळे तर त्याहून वाईट: ते आधी सूचना न देता एकाएकी फुटतात.

फळ्या जोडताना मिस्त्रींनी प्रत्येक फळीचे टोक पाहून तिची गाभ्याकडची बाजू ओळखली आणि एकीची वर, दुसरीची खाली, अशा रीतीने त्या रचल्या, जेणेकरून पुढे एखादी फळी वाकू लागलीच तर शेजारची तिला विरोध करील. जुने सागवान तेलकट, त्यावर सरस नीट धरत नाही. म्हणून रंधा मारून ताजे अंग उघडे करायचे आणि विलंब न लावता पाण्याला दाद न देणारा फेव्हिकॉल लावून थर आवळायचे. मळसूत्री खिळे सर्व खालच्या अंगाने, आधी गिरमिटाने छिद्र पाडून, म्हणजे लाकूड चिरत नाही आणि टायरला कधी धातू लागत नाही. पायऱ्यांच्या कडा पंचेचाळीस अंशांत उतरवल्या. माथ्याच्या टोकाला दीड इंच उंचीचा अडसर बसवला. तो गाडी अडवण्यासाठी नव्हे, तर चाक शेवटास पोहोचल्याचे चालकाला कळवण्यासाठी आहे, हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन हात. एक चढाव सतरा-अठरा किलोंचा झाला.

खरा धोका घसरण्याचा. पुढच्या चाकांना गती देणारी गाडी चढू लागली, की चाक चढावाला मागे ढकलू पाहते, आणि चाकाचे वजन चढावावर येण्याआधीच त्याला धक्का बसला तर तो जागचा सरकतो. आमच्या इमारतीत वाहनतळाला शहाबादी फरशी आहे, वर्षानुवर्षांच्या पायधुळीने गुळगुळीत झालेली. म्हणून तळाच्या फळीला जाड रबरी पट्टे डकवले. पहिली पायरी ठेंगणी असल्याने चाक तिच्यावर लगेच चढते, आणि एकदा चढले की गाडीचेच वजन त्या अखंड फळीला जमिनीशी जखडून ठेवते.

गाडी चढवताना सुकाणू सरळ, एक मनुष्य बाहेर उभा राहून हाताने खूण करणारा, आणि क्लच अर्धा सोडून पायरी-पायरीने प्रवास. माथ्यावर पोहोचल्यावर हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना मागून लाकडी पाचरी. मग गाडीला बाजूने खांदा देऊन हलवून पाहायचे, आणि ती निश्चल राहिली तरच खाली शिरायचे. इंजिन कोमट असावे, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासकट वाहते. 17 नंबरच्या पान्याने ड्रेन प्लग सैल करायचा, शेवटचे आटे हाताने सोडवायचे. या गाडीचा ऑइल फिल्टर इंजिनाच्या मागच्या अंगाला दडलेला असतो आणि वरून त्याला हात पोचवणे फार कष्टाचे. खालून, सहा इंचांच्या या अतिरिक्त अवकाशात, तो सुखाने निघतो. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला तेलाचे बोट, प्लगला नवा वॉशर. तेलाची पातळी मात्र गाडी खाली उतरवून सपाट जमिनीवरच पाहावी. जुने तेल गटारात ओतू नये. ते डब्यात भरून वापरलेले तेल घेणाऱ्याकडे द्यावे.

ज्यांना असे चढाव बांधावयाचे असतील त्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगतो. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. तेव्हा या चढावांवर गाडीची मागची बाजू चढवाल, तर जमिनीवर राहिलेल्या पुढच्या चाकांना ब्रेक नाही, आणि त्यांना दोन्ही बाजूंनी पक्क्या पाचरी लावल्यावाचून खाली जाऊ नका. दुसरी गोष्ट अशी, की प्रत्येक पावसाळ्यानंतर फळ्या उलट्या करून पाहा. थर उकललेला किंवा आरपार चीर गेलेली दिसली, तर तो चढाव सरळ सरपणात घाला आणि नवा बांधा.